नावेवरची पांढरी रेघ

ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. कुठल्या राज्यातली ते आता कोणालाच सांगता येत नाही. पण त्या राज्याच्या अगदी कडेला एक नदी होती, एवढं मात्र नक्की. नदी चांगली रुंद होती. या काठावरून हाक मारली, तर ती त्या काठावर अर्धीमुर्धीच पोचायची.

नदीपलीकडे नुसतं रान होतं. राजाने ते रान कसायला खुलं केलं आणि माणसांची रीघ लागली. कोणी बैल घेऊन आलं, कोणी बियाण्याची पोती घेऊन, कोणी नुसती भांडीकुंडी आणि लेकरं घेऊन काठाशी येऊन उभं राहिलं. पण पलीकडे जायचं कसं? त्या दिवसांत ज्याच्याकडे चार ओंडके असतील तो नावाडी! कोणी फुटक्या होडीत माणसं कोंबायचा. कोणी ऐन धारेत वल्हं थांबवून म्हणायचा, "बाई, हातातल्या पाटल्या काढा, मगच नाव पुढे जाईल."

माणसं नागवली गेली, माणसं बुडाली. ओरड राजाच्या कानावर गेली, तेव्हा राजाने हुकूम काढला : एका घाटाला एकच नाव, आणि त्या नावेला राजाचा परवाना.

परवाना तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला होता. बारा वर्षांसाठी होता. तो आला त्या दिवशी गावाने वाजतगाजत मिरवणूक काढली आणि घाटाच्या वरच्या पायरीशी एका दगडी कोनाड्यात तो पत्रा बसवला. त्याला हळद लागली, कुंकू लागलं, नारळ फुटला. राजाच्या सुताराने नावेच्या दोन्ही अंगांना बोटभर जाडीची पांढरी रेघ ओढून दिली आणि सांगितलं, "पाणी या रेघेला टेकलं, की बस. त्यावर एक माणूस चढवायचा नाही."

आणि खरोखरच, त्या घाटावर बारा वर्षांत ती रेघ एकदाही बुडाली नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं ते कोणाच्या लबाडीने घडलं नाही.

परवाना होता हैबती नावाड्याच्या नावावर. हैबती सरळ माणूस. उतारू चढत असताना तो काठावर बसून रेघेकडे डोळा लावायचा. पाणी रेघेच्या खालच्या कडेला लागलं की उठायचा.

"रेघ टेकली. आता मुंगीसुद्धा नको."

मग पुढे कोण आहे ते तो बघत नसे. एकदा त्याचा सख्खा मेहुणा गुडघाभर पाण्यात उभा राहून विनवण्या करत होता, तर हैबती म्हणाला, "भाऊजी, तुमच्या वजनाला नातं कळत नाही." मेहुणा दुपारपर्यंत काठावर बसून राहिला आणि नंतर वर्षभर बोलला नाही. पण गाव हैबतीला मानायचं. नाव असावी तर हैबतीची, असं लोक म्हणायचे.

हैबतीची बायको सगुणा. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. तिचे वडील दूर माळावरच्या एका गावात पंतोजी होते. मुलांना शिकवता शिकवता त्यांनी तिलाही अक्षरं शिकवली होती. पाण्याशी तिची ओळख इथे आल्यावरच झाली, तीसुद्धा घाबरत घाबरत. सगुणा मुळातच भित्री होती. अंगणात पाल पडली तरी तिच्या हातातली वाटी सुटायची. तिची सासू तिला हसायची, "अगं, तू नावाड्याची बायको की सशाची?"

सासू प्रेमळ होती, पण रीतीला पक्की. दरवर्षी पावसाळा सरला की नाव काठावर ओढायची, आडवी करायची, आणि तिला डांबर लावायचं. त्या दिवशी रेघ नव्याने ओढायची, आणि ती घरच्या बाईने ओढायची. पहिली नऊ वर्षं सासूने ओढली. मग सून आली, तेव्हा सासूने चुन्याची वाटी तिच्या हातात दिली.

"हे बघ पोरी, रेघ म्हणजे नावेचं कुंकू. ते पुसायचं नाही आणि त्याच्यावर दुसरा चुनाही चढवायचा नाही, अशुभ असतं ते. जुन्या रेघेच्या डोक्याशी लावून नवी रेघ ओढायची, आणि जुनीला डांबराखाली निजवायची. समजलं?"

"समजलं, आत्याबाई."

आणि सगुणाने तीन वर्षं तशीच रेघ ओढली. हात थरथरू नये म्हणून ती श्वास रोखून धरायची. रेघ इतकी सरळ यायची, की सासू चारचौघांत कौतुक करायची.

असं बारावं वर्ष उजाडलं.

परवाना संपत आला होता. तो नवा करून द्यायला राजाचा अंमलदार दुसऱ्या दिवशी येणार होता. तसा तो दरवर्षीच यायचा. कोनाड्यापाशी जोडे काढायचा, पत्र्याला कुंकू लावायचा, हात जोडायचा, पाटलाच्या घरी जेवायचा आणि नारळ घेऊन परत जायचा. पण या वेळी शिक्कामोर्तब व्हायचं होतं. त्यातच आदला दिवस पलीकडच्या देवीच्या जत्रेचा होता. पहाटेपासून घाटावर ही गर्दी!

पाटलाने सगुणाला सांगितलं, "सूनबाई, तो परवाना जरा उजळा. उद्या अंमलदार येतील, पत्रा कसा आरशासारखा दिसला पाहिजे."

सगुणा चिंच आणि राख घेऊन कोनाड्याशी बसली. पत्रा कसला, कुंकवाचा गोळाच झाला होता तो! बारा वर्षांची हळद, कुंकू, तेल, धूळ, सगळं थरावर थर बसून दगडासारखं कडक झालं होतं. तिने चिंच चोळली, नखाने खरवडलं, पाणी ओतलं. आधी लाल पाणी आलं, मग पिवळं, मग काळं. आणि हळूहळू खालून अक्षरं वर आली.

सगुणाच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिच्या डोळ्यांसमोर परवाना उघडत होतं, आणि उघडणारी तीच होती. तिला गंमत वाटली. ती बोट ठेवून वाचू लागली.

"सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जो हाक मारील त्याला उतरवावे. लहानथोर पाहू नये."

हे ठीक होतं.

"परवान्यावाचून कोणी घाटावर तराफा, होडी किंवा सांगड पाण्यात घालील, तर ती फोडावी."

हे तर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. नदीच्या वळणापलीकडे मासे धरणारे लोक सुक्या भोपळ्यांच्या सांगडी वापरायचे. त्यांतली एखादी चुकून घाटाकडे वाहत आली, तरी पाटील काठी घेऊन धावायचा.

मग तिने सर्वांत वरची ओळ साफ केली. तिथे कुंकू सर्वांत जाड होतं, कारण प्रत्येकजण हात वर करून पहिलं बोट तिथेच टेकवायचा.

"नाव भरली असता तिचा काठ पाण्यापासून एक हात वर राहावा. त्याच मापाने रेघ ओढावी. माप चुकेल त्याचा परवाना जाईल."

सगुणाने ते पुन्हा वाचलं. एक हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. चोवीस बोटं.

तिने मान वळवून खाली घाटाकडे पाहिलं. नाव उभी होती. पांढरी रेघ उन्हात लखलखत होती. आणि रेघेच्या वर नावेचा काठ...

ती ताडकन उठली. हातातली चिंच पायऱ्यांवरून घरंगळत गेली. ती तशीच ओल्या हातांनी खाली धावली, पाण्यात शिरली आणि नावेच्या काठाला कोपर लावून हात खाली सोडला. बोटं रेघेच्या कितीतरी खाली गेली. पार डांबरावर. तिने मग नुसती वीत लावली. अंगठा काठावर, करंगळी रेघेवर. बरोबर बसली.

एक वीत. बारा बोटं. बारा वर्षं.

दरवर्षी जुनीच्या डोक्याशी नवी. दरवर्षी बोटभर वर. त्यातली शेवटची तीन बोटं तिच्या स्वतःच्या हातची. श्वास रोखून, सरळ ओढलेली! तिला वाटलं, आपले हात आपले नाहीतच. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं गं?" सासूने काठावरून विचारलं. सासूच्या हातात देवीच्या ओटीचं ताट होतं. "पाण्यात भूत दिसलं का?"

"आत्याबाई, रेघ चुकलीय."

"कुठे चुकलीय? तुझ्याएवढी सरळ रेघ मलासुद्धा नाही जमली कधी."

"सरळ आहे हो, पण वर आहे. एक वीत वर आहे. परवान्यात हातभर लिहिलंय. आपण दरवर्षी एकेक बोट चढत गेलो."

सासूचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तिने ताट छातीशी धरलं. "काहीतरीच. माझ्या सासूच्या घरी पेटाऱ्यावरची कुंकवाची रेघ अशीच ओढत होते. रीत आहे ती. रीत कधी चुकते का?"

"पेटारा पाण्यात नसतो, आत्याबाई."

तेवढ्यात हैबती आला. सगुणाने त्याला सगळं सांगितलं. आधी तो हसला. "अगं, तुझा हात केवढा! राजाचा हात मोठा असतो."

"मोठा असेल तर मग आणखीच वाईट झालं की! तुमचा लावून बघा."

हैबतीने आपला हात लावला. त्याचा हात लांब होता. तो रेघेच्या आणखीच खाली गेला. हैबती वाकलेला होता, तसाच वाकलेला राहिला. ज्या माणसाने बारा वर्षं मुंगीसुद्धा जास्त चढू दिली नाही, त्याला आज कळत होतं, की रोजची प्रत्येक फेरी आपण नियम मोडून केली.

"मेहुण्याला मी या रेघेपायी..." एवढंच तो पुटपुटला.

गर्दीत कुजबुज झाली आणि पाटील खाली आला. पाटील धोरणी माणूस. त्याने ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून बोलला.

"हैबती, डोकं शांत ठेव. उद्या अंमलदार यायच्या आत तू रेघ खाली घे. कोणाला काय कळतंय? पण आजचा दिवस जत्रेचा. निम्मी माणसं चढवलीस, तर अर्धं गाव काठावर बसेल. लोक मला खातील."

"पण पाटील, लिहिलंय..." सगुणा म्हणाली.

"बारा वर्षं काही झालं का? एक शेळी तरी बुडाली का? मग आजच कशी बुडेल? सूनबाई, तुम्ही पालीला पण घाबरता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

लोक हसले. एकजण ओरडला, "ससा बोलला, ससा बोलला!" मागून कोणीतरी म्हणालं, "वाचता येतं म्हणून राजाला शिकवायला निघाली."

सगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, निम्मीच न्या. दुप्पट फेऱ्या करा. मी वल्हं धरते, पाहिजे तर. पण अशी नाव लोटू नका."

हैबती नदीकडे बघत होता. पाणी शांत होतं. अगदी तेलासारखं. समोर गाव उभं होतं, डोक्यावर टोपल्या, खांद्यावर पोरं, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. ज्या माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी खरा म्हटलं, त्याला चारचौघांत खोटं ठरायचं भय फार असतं.

"आजचा दिवस," तो म्हणाला. "संध्याकाळी रेघ खाली घेतो."

पहिली फेरी गेली. रेघेपर्यंत भरून गेली आणि सुखरूप परत आली. "काय सूनबाई?" पाटील हसला. दुसरी फेरी गेली, तीही परत आली. आता लोकांनी सगुणाकडे बघून हसणंसुद्धा सोडून दिलं, तेच तिला जास्त लागलं. तिला वाटू लागलं, खरंच आपलंच चुकलं असेल. असेल बाई राजाचा हात वेगळा. उगीच आपण नवऱ्याला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं.

तिसऱ्या फेरीला सासू उठली. ताट घेऊन सर्वांत पुढे जाऊन बसली.

"आत्याबाई, तुम्ही नका ना जाऊ. पुढच्या फेरीला जा."

"पोरी," सासू म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, "त्या नावेवर माझ्या हातच्या नऊ रेघा निजल्यात. मीच नाही बसले, तर लोक काय म्हणतील? तू घरी जा, भाकऱ्या टाक."

हैबती आणि सासू धरून बावीस माणसं चढली, आणि वर दोन शेळ्या. पाणी रेघेला टेकलं. हैबती म्हणाला, "बस." नाव निघाली.

मध्यान्ह उलटली होती. नाव धारेत पोचली आणि पश्चिमेकडून वारा सुटला. वादळ नव्हतं काही. रोज दुपारी सुटतो तसाच वारा, जरासा जोराचा. पाण्यावर लाटा उठल्या. हातभर काठ असता, तर त्या लाटा नावेवर थोपटून परत गेल्या असत्या. पण काठ वीतभर होता.

पहिली लाट आत आली. बायका ओरडून उठल्या. शेळ्या एका बाजूला धावल्या, माणसंही त्याच बाजूला झुकली. काठावरून सगुणाला हैबतीचे हात वर गेलेले दिसले, "बसा! बसा!" असं तो ओरडत असावा. मग दुसरी लाट आली. नाव उलटली नाही, फुटली नाही, नुसती खाली गेली. जशी भरलेली घागर जाते तशी. आवाज न करता.

आपण काय बघितलं, हे मुळी काठावर कोणाला खरंच वाटेना. मग पाण्यावर डोकी दिसली, हात दिसले, आणि एक किंकाळी आली.

"सांगडी! सांगडी आणा!"

वळणावरून मासे धरणारे धावत आले. त्यांच्या डोक्यांवर भोपळ्यांच्या सांगडी होत्या. घाटाच्या पहिल्या पायरीशी आले, आणि थांबले.

थांबले! समोर माणसं बुडत होती आणि ते पाटलाकडे बघत उभे राहिले.

"पाटील, घाटावर घालू का? फोडाल नंतर."

पाटील एक पायरी मागे सरला. "मी... मी कसं सांगू? परवान्यात लिहिलंय, परवान्यावाचून कोणी..."

सगुणाने हे ऐकलं. या माणसांना ही ओळ पाठ! दुसऱ्याला अडवणारी ओळ पाठ, आणि स्वतःला अडवणारी ओळ कुंकवाखाली! तिला पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाण्यात ती कधी गेली नव्हती. तिने समोरच्या माणसाच्या डोक्यावरची सांगड ओढून घेतली.

"उद्या फोडा!" ती ओरडली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "उद्या फोडा, मलाही फोडा! आज सोडा!"

आणि ती भोपळ्यांवर पोट टाकून पाण्यात शिरली. पाय मारत, नाकातोंडात पाणी घेत, रडत. मग मात्र एकेक करत सगळ्या सांगडी पाण्यात आल्या.

अठरा माणसं काठाला लागली. त्यांत हैबती होता. त्याच्या एका हातात कोणाचं तरी पोर होतं आणि दुसऱ्या हातात आईचं रिकामं लुगडं. चार माणसं नदीने ठेवून घेतली. म्हातारी त्यांत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंमलदार आला.

तो यायच्या आधी पाटील घरोघर फिरला होता. "भोवरा आला, नाव गेली. एवढंच बोलायचं. नाव तळाशी आहे, रेघ वर होती की खाली, कोण बघायला जातंय? परवाना वाचेल, घाट वाचेल." लोकांनी माना डोलावल्या. हैबतीच्या घरात चूल पेटली नव्हती, आणि त्याने मात्र मान डोलावली नाही. तो भिंतीकडे बघत बसला होता.

अंमलदार नेहमीप्रमाणे वरच्या पायरीशी गेला. जोडे काढले. डोळे मिटून चिमटीत कुंकू घेतलं, हात पुढे केला, आणि डोळे उघडले.

कोनाड्यात लख्ख पत्रा होता. त्यावर अक्षरं होती.

अंमलदाराचा हात अधांतरी राहिला. तो वाचू लागला. पहिल्या ओळीशी त्याचे ओठ थांबले, आणि चिमटीतलं कुंकू पायरीवर सांडलं.

"हे," तो अडखळला, "हे इथे लिहिलेलं होतं?"

"बारा वर्षांपासून," सगुणा म्हणाली. "साहेब, तुम्ही दरवर्षी येत होता."

पाटील घाईने पुढे झाला. "सरकार, काल मोठा भोवरा आला..."

"भोवरा नव्हता," हैबती मागून म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला ते कोणाला कळलं नव्हतं. "वारा होता, रोजचाच. रेघ वीतभर वर होती. नाव लोटायच्या आधी माझ्या बायकोने मला सांगितलं होतं, मी माझ्या हाताने मोजलंही होतं. मोजून लोटली, साहेब. माझी आई त्यात होती."

"त्यातली तीन बोटं माझ्या हातची आहेत," सगुणा म्हणाली.

अंमलदाराने दप्तर उघडलं, बोरू शाईत बुडवला.

"नियम मोडणाऱ्याचं नाव लिहायचं आहे," तो म्हणाला. मग त्याने पहिलं नाव लिहिलं ते स्वतःचं. त्याखाली हैबतीचं. मग बोरू पाटलापुढे धरला. पाटलाने आपलं नाव आपल्याच हाताने लिहिलं.

नियमाप्रमाणे हैबतीचा परवाना गेला. अंमलदाराची चाकरी गेली, पाटलाची पाटीलकी गेली. घाट चार महिने बंद राहिला. तेवढे दिवस लोक तीन दिवसांची वाट तुडवून वरच्या घाटाने नदी उतरले, आणि वाटेत कोणी कुरकुरलं, तर बाकीचे गप्प राहून चालत राहायचे.

नवी नाव बांधली, तेव्हा राजाने परवाना सगुणाच्या नावाने दिला. तिने दोनच गोष्टी मागून घेतल्या. रेघ रंगवायची नाही, सुताराने पटाशीने लाकडात कोरायची, म्हणजे ती कोणालाच हलवता येणार नाही. आणि माणसं बुडत असतील, तर ज्याच्याकडे जे तरंगणारं असेल ते त्याने कोणाला न विचारता पाण्यात घालावं, असं परवान्यात वाढवायचं. राजाने दोन्ही मानलं. घाटावर एक नवा रिवाज सुरू झाला : रोजच्या पहिल्या फेरीआधी उतारूंपैकी एकाने उभं राहून परवाना मोठ्याने वाचायचा. ज्याला वाचता येत नसे, तो सगुणाकडून शिकून घेई.

पहिल्या दिवशी नाव भरत होती. हैबती वल्ह्यावर होता, बायकोच्या हुकुमात. सगुणा नावेच्या काठाला हात लावून बसली होती. पाणी कोरलेल्या रेघेला टेकलं. त्यानंतर नेमका जुना पाटील नावेत चढून बसला. आता तो पाटील नव्हता. पण केस पिकलेला, मानाचा माणूस होता.

सगुणाला आजही पालीची भीती वाटत होती, आणि मोठ्यांना उलटून बोलायची तर त्याहून जास्त.

"काका," ती म्हणाली, "उतरा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग काठावर ठेवलेल्या तिच्या हाताकडे पाहिलं, मग पाण्याकडे. त्याने पंचा सावरला, खाली उतरला आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून नाव स्वतःच्या हातांनी लोटून दिली.

लहानथोरहो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच : नियमाला नुसतं पुजून चालत नाही, तो रोज वाचावा आणि आपल्या हाताने मोजावा लागतो, नाहीतर तो बोटाबोटाने सरकतो, आणि सरकवणारा हात आपलाच असतो.